इंजिन बंद पडलेली नौका आणि ‘कोकणचा कायदा’ : रायगड १६७४ ते हरिहरेश्वर २०२२

१/
१८ ऑगस्ट २०२२. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ सुमारे १६ मीटर लांबीची एक नौका आढळली. नौकेत माणूस नव्हता. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे मात्र होती. काही तासांतच जिल्ह्यात नाकाबंदी झाली, दहशतवादविरोधी पथकाने तपास हाती घेतला आणि मुंबईपर्यंत सावधगिरीचे आदेश गेले.

२/
मुंबईत तेव्हा विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माहिती दिली ती अशी : नौकेचे नाव ‘लेडी हान’. मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची, कप्तान तिचे पती. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जून रोजी सकाळी दहाच्या सुमारास इंजिन निकामी झाले. खलाशांनी मदतीची हाक दिली. दुपारी एकच्या सुमारास एका कोरियन युद्धनौकेने सर्वांची सुटका करून त्यांना ओमानच्या स्वाधीन केले. समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही.

३/
ज्या घटनेने राज्याची यंत्रणा हादरली, तिच्या मुळाशी परदेश प्रवासात वाहन बिघडण्याची साधी गोष्ट होती. प्रवासी वाचले, वाहन मागे राहिले. असे मागे राहिलेले वाहन कोणाचे? ते ज्याच्या दारात येऊन पडले त्याचे, की ज्याचे होते त्याचेच? हाच प्रश्न ३४८ वर्षांपूर्वी, राज्याभिषेकाच्या दिवसांत, रायगडावर निघाला होता. त्या वेळी मिळालेले उत्तर आजही विचार करायला लावणारे आहे.

४/
प्रथम जमिनीवरचा प्रकार पाहू. परदेशात जीप बंद पडली तर ती जागेवर उभी राहते. मालक मदत आणू शकतो आणि काहीच जमले नाही तरी गाडी कोणत्या देशात आहे याविषयी शंका नसते. मोटारीने देशोदेशी जाणाऱ्यांना ‘कार्नेट’ नावाचे जकातीचे हमीपत्र लागते. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था ते देतात. गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर जाईल, अशी ती हमी असते. मालकाने बिघडलेली गाडी तिथेच टाकून दिली, तर त्या देशाची जकात त्याच्या माथी येऊ शकते. गाडी चालो वा न चालो, राज्यसंस्थेला तिचा हिशेब हवा असतो.

५/
समुद्रात निराळेच घडते. तिथे बंद पडलेले वाहन थांबत नाही. ‘लेडी हान’चे इंजिन बिघडले त्या दिवसापासून ती हरिहरेश्वरला सापडेपर्यंत ५३ दिवस गेले. मस्कत ते हरिहरेश्वर हे अंतर सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे. एवढी वाट ५३ दिवसांत तुटायची, तर ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही तो कमी आहे. तेवढ्या वेगाने एक नौका चालकाविना, कागदाविना आणि परवानगीविना दुसऱ्या देशात येऊन पोहोचते.

६/
तिला इकडे आणणारी शक्ती फार जुनी आहे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून नैऋत्येचे वारे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. याच वाऱ्यांच्या आधारे दोन हजार वर्षे जहाजे अरबस्तानातून इकडे येत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्यावरील ‘मंदगोरा’ बंदराचा उल्लेख आहे. काही अभ्यासक ते सावित्रीच्या मुखाशी, म्हणजे हरिहरेश्वरसमोरच्या बाणकोट परिसरात असल्याचे मानतात. ऐन पावसाळ्यात मात्र हाच वारा घातक ठरतो. म्हणून कोकणात या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्या खुला मानतात.

७/
‘लेडी हान’ ही या वाटेने वाहत आलेली पहिली नौका नव्हे. जून २०११ च्या अखेरीस ‘पवित’ हे पनामाच्या ध्वजाखालील तेलवाहू जहाज ओमानजवळ संकटात सापडले. त्यावरच्या १३ भारतीय खलाशांना ‘सेंट अल्बन्स’ या ब्रिटिश युद्धनौकेने वाचवले. जहाज बुडाले असावे असा समज झाला. प्रत्यक्षात ते महिनाभर वाहत राहिले आणि ३१ जुलै रोजी मुंबईत जुहूच्या वाळूत येऊन रुतले. सारे काही तेच : ओमानची बाजू, पावसाळा, सुटका झालेली माणसे, सोडून दिलेले वाहन आणि महाराष्ट्राचा किनारा.

८/
वारा दरवर्षी अशी भेट आणून टाकत असेल, तर किनाऱ्यावरचे लोक आणि राजे तिच्याविषयी काही नियम ठरवणारच. जगात बहुतेक ठिकाणी जुना नियम सरळ होता : समुद्राने जे टाकले ते किनाऱ्याच्या धन्याचे. युरोपातही तेच चाले. इंग्लंडमध्ये १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला मर्यादा घातली. फुटलेल्या जहाजातून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजर जरी जिवंत निसटले, तरी त्या जहाजाला बेवारस म्हणता येणार नाही आणि मालकाला हक्क सांगण्यासाठी एक वर्ष व एक दिवस मिळेल, असे त्यात ठरले.

९/
त्याच्या तीस वर्षे आधी भारतात याहून उदार शब्द दगडावर कोरला गेला होता. आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली बंदरात काकतीय राजा गणपतिदेव याने १२४४-४५ च्या सुमारास अभयशासन दिले. वादळात सापडून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरील माल पूर्वीचे राजे बळाने हिरावून घेत. आपण मात्र ठरलेल्या जकातीपलीकडे काही घेणार नाही, असे त्याने परदेशी व्यापाऱ्यांना जाहीर आश्वासन दिले. धनापेक्षा जीव प्यारा असतानाही जे धनासाठी समुद्राचा धोका पत्करतात, त्यांच्याविषयीची करुणा त्यामागे होती. त्यात हिशेबही होताच. ज्या बंदरात संकटग्रस्ताची लूट होत नाही, तिथे व्यापारी वारंवार येतो.

१०/
कालिकतनेही असाच लौकिक मिळवला. १४४२-४३ मध्ये तिथे आलेला तैमुरी दरबाराचा वकील अब्दुर रझ्झाक याने याची आवर्जून नोंद केली आहे. इतर बंदरांत वाऱ्याने भरकटून आलेले जहाज ‘दैवाने पाठवलेले’ समजून लुटले जाई. कालिकतात मात्र जहाज कुठूनही निघालेले आणि कुठेही जाणारे असो, त्याला इतर जहाजांसारखीच वागणूक मिळे. पश्चिम किनाऱ्यावर, थोडक्यात, दोन्ही रीती एकाच काळात नांदत होत्या. कोकण पहिल्या रीतीचे होते.

११/
आता रायगड. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा गडावर होता. त्याने तहाचा मसुदा आणला होता आणि बोलणी निराजीपंतांमार्फत चालली होती. त्या मसुद्यातील एक कलम असे होते की, इंग्रजांची जी जहाजे फुटून महाराजांच्या किनाऱ्याला लागतील, ती मालासह परत मिळावीत. मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. जहाजे याच किनाऱ्याने ये-जा करत, त्यामुळे हे कलम त्यांच्या दृष्टीने अगदी व्यवहारातले होते.

१२/
निराजीपंतांनी निरोप दिला : महाराजांना दोन कलमे वगळता बाकीच्या मागण्या मान्य आहेत. एक नाण्यांविषयीचे, दुसरे फुटक्या जहाजांविषयीचे. किनाऱ्याला लागलेली जहाजे वा माल परत देणे ‘कोकणच्या कायद्या’विरुद्ध आहे. शिवाय इंग्रजांना ही सवलत दिली, तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही ती मागतील. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रूढी मोडल्याशिवाय ती देता येणार नाही. हा सारा वृत्तान्त ऑक्झिंडनच्या नोंदींत आहे आणि जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनातही तो छापला गेला आहे.

१३/
या नकाराकडे केवळ लोभ म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पहिले कारण रूढीचे. नुकतेच सिंहासन घडवलेला राजा किनाऱ्याचा परंपरागत हक्क पहिल्याच मोठ्या तहात सोडून देईल, हे संभवत नव्हते. दुसरे कारण परराष्ट्र व्यवहाराचे : एकाला दिलेली सवलत सर्वांना द्यावी लागते, याची त्यात स्पष्ट जाण दिसते. ऑक्झिंडननेही आशा सोडली नाही. मोगलांच्या आणि दख्खनच्या इतर सत्तांच्या मुलखात ही सवलत आपल्याला मिळते, हा त्याचा आधार होता. विशेष म्हणजे रायगडाच्या परिसरातले पाणी काळ आणि गांधारी नद्यांतून सावित्रीला मिळते आणि सावित्री हरिहरेश्वरपाशीच समुद्रात उतरते. बोलणी झाली ती गडावर, पण विषय याच किनाऱ्याचा होता.

१४/
मराठी राज्याने या विषयाचा विचार पुढेही केला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. दूरदेशीचे व्यापारी गलबत कौलाविना आले, तर त्याच्या मालाला हात न लावता दिलासा देऊन ते बंदरात आणावे, असा त्यातील सल्ल्याचा रोख आहे. शत्रूच्या गलबताला निराळा न्याय. त्या काळात समुद्रावरची ओळख कागदावर ठरे. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’, मराठ्यांचा कौल किंवा दस्तक. कागद असेल तर पाहुणा, नसेल तर संशयित. मग कागदही नाही आणि तो दाखवणारा माणूसही नाही, अशा नौकेचे काय करायचे?

१५/
त्याचे उत्तर पुढे इंग्रजी कायद्याच्या वाटेने आले. हरिहरेश्वरसमोरचे बाणकोट १७५६ च्या तहाने पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि किल्ल्याला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ नाव दिले. रायगडावर नाकारलेला नियम कालांतराने ब्रिटिश कायद्यांबरोबर साऱ्या किनाऱ्यावर लागू झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात कायम राहिला. सापडलेल्या फुटक्या वा बेवारस जहाजाची खबर नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची, त्याने ते ताब्यात घ्यायचे आणि मालकाने एक वर्षाच्या आत हक्क सिद्ध करून, खर्च भरून ते सोडवून न्यायचे. १२७५ च्या ‘एक वर्ष व एक दिवस’ या मुदतीची सावली इथे स्पष्ट दिसते.

१६/
माणसांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. समुद्रात बुडणारा शत्रू असला तरी त्याला मदत करणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य आहे, असे १९१० च्या ब्रसेल्स कराराने ठरवले. वाचलेल्या माणसाकडून त्यासाठी मोबदलाही घ्यायचा नाही. मालमत्ता वाचवण्याची मात्र कोणावर सक्ती नाही. २६ जूनच्या त्या दुपारी नेमके हेच घडले. माणसे तीन तासांत सुरक्षित झाली आणि नौका मोकळी सुटली.

१७/
मग हरिहरेश्वरला एवढी धावपळ का उडाली? याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली. १२ मार्चच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले. हल्ल्यानंतर ती समुद्रात तरंगताना सापडली, तेव्हा तिच्यात तांडेलाचा मृतदेह होता. त्यानंतर या किनाऱ्यावर रिकामी नौका दिसली की ‘ही कोणाची?’ याच्या आधी ‘हिच्यातून कोण उतरले?’ हा प्रश्न येतो.

१८/
‘लेडी हान’मधील शस्त्रांच्या खोक्यावर एका खासगी सागरी सुरक्षा कंपनीचे नाव होते. एडनच्या आखातातील चाचेगिरीमुळे त्या मार्गावर खासगी सशस्त्र रक्षक आणि त्यांची शस्त्रे वावरत असतात. मस्कतच्या समुद्रात हे कोणाला वेगळे वाटले नसते. तीच नौका ५३ दिवसांनी शेखाडीच्या तालुक्यात आली, तेव्हा त्याच तीन रायफलींचा अर्थ पालटला. वाहनाचे इंजिन बंद पडले होते, ते चालवणारी माणसे कधीच सुखरूप सुटली होती, तरी एका राज्याच्या गृहमंत्र्याला सभागृहात उभे राहून हा केवळ बिघाड असल्याचे प्राथमिक माहितीच्या आधारे सांगावे लागले.

१९/
शिवकालात अशी नौका आली असती, तर रूढीप्रमाणे ती सरकारजमा झाली असती; तिला भिण्याचे कारण कोणाला नव्हते. आज कायदा मालकाच्या बाजूने आहे, पण त्या कायद्याची पाळी येते ती पोलीस तपासानंतर. हक्काचा प्रश्न सौम्य झाला, संशयाचा प्रश्न तीव्र झाला. वारा मात्र बदललेला नाही. पुढच्या पावसाळ्यातही ओमानच्या बाजूला एखाद्या नौकेचे इंजिन बंद पडेल, माणसे वाचतील आणि रिकामे वाहन पूर्वेकडे वाहू लागेल. २०११ मध्ये जुहूला धडकेपर्यंत ‘पवित’ कोणाला दिसले नाही. ‘लेडी हान’चेही तेच झाले. म्हणून ज्या क्षणी ओमानच्या बाजूला एखादी नौका सोडून दिली जाते, त्याच क्षणी तिची खबर कोकण किनाऱ्याला मिळणे, हा या साडेतीनशे वर्षांच्या प्रश्नाचा आजचा सर्वांत निकडीचा भाग आहे.