मैल 26 ते राजौरी

नोव्हेंबर 1947. जम्मू-काश्मीरमधलं राजौरी पाकिस्तानच्या बाजूनं लढणाऱ्या हल्लेखोरांच्या हाती पडलं. 18 मार्च 1948 ला भारतीय सैन्यानं झांगड परत घेतलं, तेव्हाही राजौरी हल्लेखोरांच्याच ताब्यात होतं.

8 एप्रिल, सकाळी 11. नौशेरा-राजौरी रस्ता, मैल 26. सुरुंग काढणारी तुकडी राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांजवळ थांबलेली. मॉर्टरचा मारा सुरू झाला. दोघं ठार, पाच जखमी. जखमींत तुकडीप्रमुख सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, वय 29. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं.

दुपारी 4.30. बरवालीची डोंगरधार हाती आली, पण शत्रू पुरता हटला नव्हता. राणेंनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणायला घेतला. रात्री 10 पर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात.

9 एप्रिल, सकाळी 6. पुन्हा तेच काम. दुपारी 3 ला रणगाडे हलले. राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये बसले. अर्ध्या मैलावर आडवी पाडलेली चीडची झाडं. सुरुंग लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पाच वाजत आले होते. पुढे मोरी उडवलेली.

संध्याकाळी 6.15. पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगन. उजेड जात होता. राणे सुरुंग काढू लागले होते. रणगाडा दलाच्या प्रमुखानं मुक्कामाचा हुकूम दिला. अंधारात त्या रस्त्यावर रणगाडे घालणं म्हणजे ते गमावणं, म्हणून हुकूम मला योग्यच वाटतो. पण साडेदहा तास गेले.

10 एप्रिल, पहाटे 4.45. रणगाड्यांच्या एका ट्रूपच्या आधारानं त्याच अडथळ्यावर काम. 6.30 ला रस्ता मोकळा. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी आणि उडवलेल्या कडांनी भरलेले. तेही 10.30 पर्यंत पार. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी 2 ला वाटेवरच्या चिंगसला पोचले. मागून येणाऱ्या रसदीसाठी राणे अन्नाविना, विश्रांतीविना रात्री 9 पर्यंत रस्ता साफ करत राहिले.

11 एप्रिल. सकाळी 6 ते 11, चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. मग रात्री 10 पर्यंत पुढचा.

12 एप्रिल. सैन्य राजौरीत शिरलं. हल्लेखोर पळाले होते. जाण्याआधी त्यांनी नागरिकांची कत्तल केली होती. सैनिकांना प्रेतांनी भरलेले खड्डे सापडले.

राणेंना परमवीर चक्र मिळालं. हयातीत हा सन्मान स्वीकारणारे ते पहिले. मानपत्र 11 एप्रिलच्या रात्री 10 ला थांबतं. राजौरीत काय सापडलं, ते त्यात नाही.