नाणेघाटांतील राजकुल

सह्याद्रीची हवा खावयास निघालेलीं आमचीं कुटुंबें बहुधा महाबळेश्वर किंवा माथेरान गांठतात. जुन्नरच्या पश्चिमेस असलेल्या नाणेघाटाकडे त्यांतील थोडींच वळतात. कोंकणच्या बंदरांतील माल देशावर चढविणारी ही प्राचीन वाट होय. तिच्या माथ्याशीं एक लेणें आहे. तेथें देवतेची नव्हे, तर सातवाहन राजकुलाची स्थापना होती. आज त्या मूर्ति नाहींत. पायांचे तुटके अवशेष तेवढे उरले. वर कोरलेलीं सिमुक, नागनिका, सातकर्णि हीं नांवें मात्र राहिलीं. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत अश्वमेधादि यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापणें यांची गणती आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे हे अंक भारतांतील अतिप्राचीन लेखी अंकांत मोडतात. १८२८ सालीं साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. आम्हांस खेद वाटतो तो एवढाच, कीं हौशी प्रवासी अशा भिंतींवर आपलीं नांवें खरडतात. ज्या राजांच्या पाषाणमूर्तिही टिकल्या नाहींत, त्यांची ओळख या झिजत्या अक्षरांनींच राखली आहे. तीं पुसलीं, तर पुन्हा कोण कोरणार?