चुन्याची भट्टी आणि घाणी

श्रोतेहो, गढीच्या मागे, देवळाच्या आवाराबाहेर किंवा एखाद्या गडाच्या माथ्यावर जमिनीत बसवलेला दगडी गोल चर तुम्ही पाहिला असेल. जवळच भोक पाडलेले जाडजूड दगडी चाक पडलेले असते. पोरे त्यावर बसून बोरे खातात. कुणी सांगतो, हा तेलाचा घाणा. तेलाचा नव्हे मंडळी, ही चुन्याची घाणी!

घाणी असायची बांधकामापाशी. भट्टी मात्र खडा आणि जळण मिळेल तिथे. आपल्या काळ्या रानात नांगराबरोबर पांढरट खडे वर येतात, शेतकरी त्यांना शिव्या देऊन बांधावर टाकतो. तीच चुनखडी. किनाऱ्यावर लोक समुद्राच्या शिंपल्या भाजत. भट्टीत एक थर जळणाचा, एक थर खड्याचा, असे रचून खालच्या तोंडाने विस्तव द्यायचा. आच सुमारे 900 अंशांपर्यंत जावी लागते. खड्यातला वायू निघून जातो आणि 100 किलो शुद्ध चुनखडीतून जेमतेम 56 किलो कळी उरते. आच कमी पडली तर खडा आतून कच्चा राहतो. थर्मामीटर कुठला? ज्वाळेचा रंग बघूनच सगळे ठरायचे.

कळीवर पाणी टाकले की ती उकळून फुटते. डोळ्यात उडाली तर डोळा जाण्याचीच भीती. हा धंदा करणाऱ्या लोणारी आणि इतर कष्टकरी माणसांच्या हातांना भेगा, छातीत धूर. पुण्याचा शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला. तो कुणाचा हे आपल्याला पाठ असते. त्या काळच्या वाड्यांसाठी आणि गडांसाठी चुना भाजणाऱ्यांचे एक नाव तरी कुणी सांगेल का?

विझवलेला चुना मग घाणीत पडे. त्यात वाळू, विटांचा चुरा, आणि कारागिराच्या पसंतीप्रमाणे गुळाचे किंवा हिरड्याचे पाणी. चाकाच्या भोकातून दांडा घालून त्याला बैल नाहीतर रेडा जुंपायचा आणि फेरे घालायचे. घाई केली तर भिंत पुढे हिशेब मागते, हे गवंड्याला ठाऊक होते.

1824 साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले आणि हळूहळू गावोगावच्या भट्ट्या विझल्या. सगळीकडे मात्र नाही. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूरला चुनखडी आणि दगडी कोळसा जवळजवळ सापडतो, तिथे हा धंदा पुढेही टिकला. मुंबईत चुनाभट्टी हे रेल्वे स्टेशनचेच नाव होऊन बसले.

सिमेंटला दोष देण्याचे कारण नाही. धरणे आणि पूल त्याच्यामुळेच झाले. पण जुन्या वाड्याच्या, विहिरीच्या किंवा देवळाच्या चुन्यातल्या भिंतीवर आपण हौसेने सिमेंटचा गिलावा चढवतो, तिथे चुकते. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडते. चार पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि आतला दगड-विटाही खायला लागतो. मग चुन्याचा कारागीर शोधावा, तर तो सापडत नाही. घाणीचे दगडही एव्हाना कुणाच्या तरी पायरीला गेलेले असतात.

गुरुजी, बाई, वर्गात एक गंमत करून पाहा. रानातल्या चुनखडीवर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येतील. मग पडक्या भिंतीतून आधीच गळून पडलेला जुन्या चुन्याचा तुकडा घ्या (भिंत उकरू नका हं!) आणि तेच करा. तिथेही बुडबुडे! भट्टीत गेलेला वायू चुन्याने हवेतून परत घेतला, आणि भिंतीत तो पुन्हा दगड झाला. कळीचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका.

मग मुलांना घाणीपाशी न्या, चराचा घेर दोरीने मोजायला लावा, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला तिथे बोलावून घ्या. तो आहे तोवर.