इमारत दात्याची, रोजचा खर्च कोणाचा?

"एवढे अब्जाधीश आहेत आपल्याकडे. त्यांनी मनावर घेतलं तर सगळी सरकारी रुग्णालयं चकाचक होतील, डॉक्टर!" हे वाक्य मला ओपीडीत महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. बोलणारा बहुतेक वेळा कुठल्यातरी रांगेत वैतागून आलेला असतो, म्हणून मी वाद घालत नाही. पण प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. इंग्लंडने हा प्रयोग दोनशेहून अधिक वर्षे करून पाहिला आहे.

आज इंग्लंड म्हटले की सरकारी खर्चाने चालणारी एनएचएस आठवते. ती सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी. त्याआधी तिथली नावाजलेली रुग्णालये धर्मादाय होती. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर १७२० साली, सेंट जॉर्जेस १७३३ साली, लंडन हॉस्पिटल १७४० साली निघाले. गाय्ज हॉस्पिटल काढणारा थॉमस गाय हा पुस्तकविक्रेता. साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटण्याआधी त्याने आपले शेअर विकले आणि त्या पैशातला मोठा भाग रुग्णालयाला दिला. शेअरबाजारातला इतका चांगला नफा मला दुसरा माहीत नाही.

ही रुग्णालये चालत ती वर्गणीवर. वर्गणीदाराला एक हक्क मिळे: तो शिफारसपत्र देईल तो गरीब रुग्ण दाखल होई. आपल्याकडच्या आमदारांच्या चिठ्ठीची आठवण झाली ना? आजार किती गंभीर आहे यापेक्षा तुमची ओळख कोणाशी आहे, याला महत्त्व आले. १८२७च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या तरुण सर्जनला लंडनमध्ये एका चर्चच्या पायऱ्यांवर मरणासन्न मुलगी सापडली. चिठ्ठी नाही म्हणून तिला कुठेच दाखल करून घेईनात. ती दोन दिवसांत गेली. पुढच्याच वर्षी मार्सडेनने चिठ्ठीशिवाय, फुकट उपचार देणारे रुग्णालय काढले. तेच पुढे 'रॉयल फ्री' झाले.

आता डॉक्टर म्हणून मला जास्त टोचणारी गोष्ट. यातली बरीच रुग्णालये काही रुग्णांना नियमानेच नाकारत: संसर्गजन्य ताप, क्षय, वेड, बाळंतपण, लहान मुले आणि 'बरे न होणारे' सगळे. काही कारणे वैद्यकीय होती. तापाचा एक रुग्ण सगळा वॉर्ड आजारी पाडू शकतो, आणि तेव्हा प्रतिजैविके नव्हती. पण दुसरे कारण हिशेबाचे होते. वार्षिक अहवालात 'इतके दाखल, इतके बरे होऊन घरी' असे छापायचे असे आणि वर्गणीदार तो अहवाल वाचून पुढची वर्गणी देत. सहा महिने खाट अडवून शेवटी मरणारा क्षयरोगी त्या अहवालात शोभत नसे.

मग हे लोक जात कुठे? सरकारी गरीबगृहाच्या, म्हणजे वर्कहाउसच्या आजारी विभागात. पुढे १९२९च्या कायद्याने यातली बरीच स्थानिक परिषदांकडे आली. म्हणजे दानावर चालणाऱ्या रुग्णालयांच्या सावलीत करावर चालणारी दुसरी व्यवस्था आधीपासून उभी होती, आणि अवघड, कंटाळवाणे, दीर्घ आजार तिच्या वाट्याला होते. १९४८ साली इंग्लंड-वेल्समध्ये सरकारने ताबा घेतला तेव्हा धर्मादाय रुग्णालये होती ११४३ आणि त्यांत खाटा सुमारे ९०,०००. स्थानिक सरकारी रुग्णालये होती १५४५, खाटा सुमारे ३,९०,०००; त्यांतल्या जवळपास निम्म्या मनोरुग्णांच्या. म्हणजे दानधर्माची एवढी जुनी परंपरा, तीही साम्राज्याच्या पैशाने गबर झालेल्या देशात, आणि तरी दर पाच खाटांमागे दानाची एक खाटसुद्धा भरत नव्हती.

पैसाही पुरेना. जुन्या रुग्णालयात स्वच्छ खाट, परिचारिका, गरम सूप आणि थोडी औषधे एवढे पुरत असे. विसाव्या शतकात क्ष-किरण यंत्र आले, प्रयोगशाळा आली, निर्जंतुक ऑपरेशन थिएटर आले. पहिल्या महायुद्धानंतर महागाईने कंबरडे मोडले आणि १९२१ साली सरकारला पाच लाख पौंडांची मदत द्यावी लागली. मग कामगारांच्या वर्गणी योजना निघाल्या, आठवड्याला काही पेनी. १९३०च्या दशकात अनेक रुग्णालयांत रुग्णांकडून आणि या योजनांतून येणारा पैसा देणग्यांपेक्षा जास्त झाला. पाटी धर्मादायाचीच राहिली, पण आतून ती विमा आणि फीवर चालणारी रुग्णालये झाली होती.

आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी १९४६ साली संसदेत नेमके बोट ठेवले ते वाटपावर. चांगली रुग्णालये नेमकी जिथे गरज कमी तिथे आहेत, आणि सुमारे ७० टक्के रुग्णालयांत शंभरसुद्धा खाटा नाहीत, असे ते म्हणाले. वॉर्डात असायला हव्या त्या परिचारिका रस्त्यावर निधी गोळा करताना दिसतात याचा त्यांना संताप होता. वाटप असे का झाले हे समजायला सोपे आहे. दाता श्रीमंत शहरात राहतो, तिथेच देतो. मोठे डॉक्टर या रुग्णालयांत बिनपगारी काम करत आणि खासगी प्रॅक्टिसवर जगत, त्यामुळे तेही श्रीमंतांच्या वस्तीजवळच. आपल्या मुंबईतल्या जुन्या डॉक्टरांना 'ऑनररी' हा शब्द आठवत असेल, तो याच पद्धतीतून आलेला.

आणि मुंबईचे काय? आपल्या शहरावर दात्यांचे फार मोठे ऋण आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या लाखाहून अधिक रुपयांच्या देणगीतून जे.जे. १८४५ साली सुरू झाले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली ससून उभे राहिले. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या पैशातून केईएमचे वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि अट अशी की शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. १९२०च्या दशकात ही अट घालायला हिंमत लागत होती. पण पुढे बघा. जे.जे. आणि ससून सरकार चालवते, केईएम महापालिका. डॉ. नायर यांनी स्वतः उभारलेले नायर रुग्णालयही महापालिकेकडे गेले. टाटा मेमोरियल टाटांच्या ट्रस्टने १९४१ साली उघडले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. यात दाते कमी पडले असे मी म्हणणार नाही. कॅन्सरसाठी वेगळे रुग्णालय, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांचे कामा हॉस्पिटल (१८८६) अशा नव्या गोष्टी सरकारच्या फायलीतून सहसा निघत नाहीत. पहिला धोका दाता पत्करतो. पण त्यानंतरची पन्नास वर्षे पगार, वीज, कापूस, ऑक्सिजन कोणीतरी भरायचा असतो आणि त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

डायलिसिसचे उदाहरण घ्या. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षाला १५६ वेळा डायलिसिस लागते, आणि तेही आयुष्यभर किंवा प्रत्यारोपण होईपर्यंत. यंत्र देणारे दाते मिळतात, उद्घाटनाला फीतही कापतात. डायलायझर, शुद्ध पाण्याचा प्लांट आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांच्यासाठी दाता शोधावा लागतो. एका तालुक्याच्या ठिकाणी दान आलेली दोन यंत्रे मी प्लास्टिकच्या आवरणातच पाहिली आहेत, कारण तंत्रज्ञाचे पदच मंजूर नव्हते.

निव्वळ देणग्यांवर चालणारी रुग्णालये जगात नाहीतच असे नाही. अमेरिकेत मेम्फिसचे सेंट ज्यूड १९६२पासून मुख्यतः देणग्यांवर चालते. पण ते कॅन्सर झालेल्या मुलांचे आहे. दारूने यकृत गेलेल्या पन्नाशीच्या माणसाचा फोटो छापून तेवढी देणगी गोळा करून दाखवा, मग मी माझे मत बदलेन.

आपल्याकडे धर्मादायाचा एक भाग मात्र आजही रुग्णाच्या थेट कामाचा आहे. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना जमीन, करसवलत असे बरेच काही मिळते, आणि त्याच्या बदल्यात कायद्याच्या कलम ४१ एए व २००६च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. दाखल होतानाच रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. नाकारले तर कारण लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा. त्यासाठी कोणाच्याही चिठ्ठीची गरज नाही.