इलेक्ट्रॉनाची वाट



रसायनशास्त्र शिकवितांना आम्ही शिक्षक फळ्यावर एक बाण काढीत असूं आणि म्हणत असूं, "इलेक्ट्रॉन येथून तेथें गेला." बाण काढावयास खडूला निमिषभर लागे; प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनाला किती वेळ लागतो, आणि वाटेंत तो कोठें टेकतो काय, हें कोणीं पाहिलेलें नव्हतें. रुडॉल्फ मार्कस यांनीं या स्थलांतराचें गणित १९५६ सालीं मांडलें व त्याबद्दल त्यांस १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण पाहणारा डोळा अद्याप यावयाचा होता.

पुढें अहमद झेवेल यांनीं लेसरच्या फेम्टोसेकंदी झोतांनीं रेणूंची हालचाल टिपली (नोबेल, १९९९). एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. परंतु दृश्य प्रकाश सबंध रेणूची हकीगत सांगतो. अमुक अणूजवळ काय घडलें, तें क्ष-किरणच नेमकें सांगतात, कारण त्यांत प्रत्येक मूलद्रव्याची खूण निराळी. तेवढे तोकडे क्ष-किरण आणावयाचे कोठून?

ते मिळाले एका जुन्या यंत्रांतून. कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड येथें १९६६ सालीं तीन किलोमीटर लांबीचा इलेक्ट्रॉन-प्रवेगक पुरा झाला होता, मूलकणांच्या शोधासाठीं. १९९२ सालीं क्लॉडियो पेलेग्रिनी यांनीं सुचविलें कीं, त्याच इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या रांगेंतून नागमोडी धावावयास लावावें, म्हणजे लेसरसारखे क्ष-किरण मिळतील. साधेल किंवा नाहीं, याविषयीं पुष्कळांस शंका होती. एप्रिल २००९ मध्यें, प्रवेगकाच्या शेवटच्या किलोमीटरच्या बळावर, तें साधलें. इलेक्ट्रॉन पाहावयास इलेक्ट्रॉनच कामीं आले, याची मला मोठी मौज वाटते.

येथें लोहाच्या एका संयुगाची परीक्षा झाली. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या रंजक-घटांत रुथेनियम वापरतात. तें दुर्मिळ व महाग. लोह स्वस्त, परंतु प्रकाशानें लोहापासून भोवतालच्या सेंद्रिय गटांवर गेलेला इलेक्ट्रॉन तत्काळ माघारीं येतो, वीज काढून घेण्यास अवसरच राहत नाहीं. तो थेट शेवटच्या स्थितीस पोचतो, कीं मधल्या पायरीवर टेकून? यावर तज्ज्ञांत मतभेद होता. वेनकाय झांग, केली गॅफनी व त्यांचे सहकारी यांनीं आधीं प्रकाशाचा झोत सोडला, मग ठराविक अंतरानें क्ष-किरणांचा. दर वेळीं द्रावण ताजें, आणि अंतर थोडथोडें बदलत नेलेलें. २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारें १५० फेम्टोसेकंदांत इलेक्ट्रॉन परततो, मध्यें पायरी आहे, आणि तिच्यावरचा मुक्काम याहूनही अल्प.

पुढें त्यांनीं तीन सेंद्रिय गटांपैकीं दोन काढून त्या जागीं चार सायनाइड बसविले. २०१७ सालच्या वृत्तानुसार, योग्य द्रावकांत इलेक्ट्रॉन सुमारें २०,००० फेम्टोसेकंद बाहेर राहिला. रंजकावरून घटाच्या पुढील थरांत उतरावयास इलेक्ट्रॉनाला पुष्कळदां याहून कमी वेळ लागतो.