उलटा ठसा

वर्कशॉपमध्ये लोखंडावर अक्षरे आणि आकडे उठवायचे पंच आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. बोटाएवढी पोलादी कांडी, तिच्या टोकाला एकच अक्षर किंवा आकडा. ती धातूवर उभी धरायची आणि वरून हातोडीचा एक घाव घालायचा. आकड्यांच्या डबीत पंच नऊच असतात, कारण इंग्रजी सहाचा पंच फिरवून धरला की नऊ उठतो. या कांडीवरचे अक्षर मात्र आरशात दिसावे तसे उलटे कोरावे लागते. तेव्हा कुठे ते धातूवर सुलटे उमटते.

कारागीर हे विसरला तर काय होते, याची एक जुनी गोष्ट भोपाळच्या मुलखात आहे.

भोपाळहून झांशीकडे जाणारी गाडी विदिशा ओलांडून बिना जंक्शनला येते. त्या परिसरात, बिना नदीच्या काठी एरण हे प्राचीन गाव आहे. इ.स. 510 चा प्रसिद्ध सती-लेख इथलाच. येथे अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तांब्याचे एक नाणे मिळाले. त्याआधीच्या आहत नाण्यांवर सूर्य, डोंगर, झाड अशी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उठवलेली असत, नाव नसे. या नाण्यावर मात्र ब्राह्मी लिपीत धमपाल राजाचे नाव आहे. लेख असलेल्या भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांत त्याची गणना होते. पण हे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे लागते!

एके काळी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे जर्मन पंडित ब्यूलर यांनी 1895 साली या नाण्याचा आधार घेतला. ब्राह्मी मुळात उजवीकडून डावीकडे लिहीत, म्हणजेच ती सेमिटिक लिपीवरून आली, असे त्यांचे म्हणणे होते. हुल्त्श आणि फ्लीट यांना ते पटले नाही. ठसा कोरणाऱ्याने अक्षरे उलटी करायची ती सुलटीच कोरली, एवढाच त्याचा अर्थ, असे त्यांचे मत पडले. ब्राह्मीच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. पण एरणचे नाणे आज सहसा ठशाची चूक म्हणूनच पाहिले जाते.

आपली देवनागरी याच ब्राह्मीच्या वंशातली. तिच्या कुळाचा निवाडा काही काळ एका अनाम कारागिराच्या विसरभोळेपणावर टेकला होता. म्हणून जुना लेख वाचताना, तो कोणी लिहिला याबरोबर तो कोणत्या हत्याराने उठवला, हेही विचारायला हवे.