कसोटीचा दगड आणि संगणकाचा पहारेकरी

जबलपूरच्या जुन्या शहरात, कोतवालीच्या परिसरात, सराफा या नावाने ओळखला जाणारा बाजार आहे. सोन्याचांदीच्या पेढ्या तेथे दाटीवाटीने उभ्या आहेत. एखादे गिऱ्हाईक जुना दागिना मोडावयास आणते, तेव्हा अनुभवी सराफ त्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो काळ्या कसोटीवर दागिना घासतो, उमटलेल्या रेघेशेजारी ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढतो, तेजाबाचा थेंब सोडतो आणि दोन्ही रेघा निरखून पाहतो. भावाची गोष्ट त्यानंतर निघते.

अशाच एखाद्या पेढीवर आता खतावणीच्या शेजारी लॅपटॉप उघडलेला असतो. उधारीचा हिशेब, कराची विवरणपत्रे, गिऱ्हाइकांची नावनिशी, बँकेचे व्यवहार आणि घरच्या लग्नकार्यांची छायाचित्रे, हे सारे त्या एका यंत्रात साठविलेले असते. त्याच्या रक्षणासाठी जी प्रणाली घ्यावयाची, जिला बाजारात अँटिव्हायरस म्हणतात, ती निवडताना मात्र हा चोखंदळ माणूस कसोटी बाजूला ठेवतो. दुकानदार जी पेटी पुढे करील ती, नाही तर पडद्यावर फुकट म्हणून जी झळकेल ती, तो निमूटपणे स्वीकारतो. सराफाला अपरिचित असे या व्यवहारात वस्तुतः थोडेच आहे. अँटिव्हायरसचा इतिहास पाहिला, तर तो पारखीच्या जुन्या विद्येचाच एक नवा अध्याय आहे असे दिसून येते.

१७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांनी घेतले. त्या काळात रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, नागपुरी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये मराठी मुलखात फिरत. प्रत्येकाचे वजन आणि चांदीचा कस वेगळा असे, आणि त्याप्रमाणे बट्टा कापला जाई. म्हणून सरकारी खजिन्याला पोतदार लागे व व्यापाऱ्याला सराफ लागे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकरूप रुपया सुरू केला, तेव्हा नाणी पारखण्याचे काम ओसरू लागले. परंतु दागिन्यांची पारख उरलीच. तीत एक दोष पूर्वापार होता. विकणारा आणि पारखणारा बहुधा एकच असे. तो दोष दूर करण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना आणली आणि जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. दागिना विकणारा एक आणि त्याची परीक्षा करणारे केंद्र दुसरे, हे त्या योजनेचे सार होय.

संगणकाच्या जगात या पारखीची गरज फार उशिरा निर्माण झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ मध्ये एक छोटासा प्रयोग केला. दुसऱ्या प्रणालीत स्वतःची नक्कल घुसवून पसरत जाणारी प्रणाली त्याने तयार केली. तिला विषाणू हे नाव सुचविले ते त्याचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी. १९८४ च्या निबंधात कोहेनने आणखी एक गोष्ट तर्काने सिद्ध केली. प्रत्येक विषाणू अचूक ओळखील आणि निर्दोष प्रणालीवर कधीही खोटा आळ घेणार नाही, अशी सर्वसमर्थ परीक्षक प्रणाली रचता येणेच अशक्य आहे. पूर्ण रक्षणाची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना हा सिद्धान्त लक्षात ठेवावा. विषाणूविरुद्ध पहिली औषधे बाजारात येण्यापूर्वीच त्यांची मर्यादा गणिताने आखून दिली होती.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी तयार केलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपी तबकडीवरून देशोदेशी फिरला. वैयक्तिक संगणकांवर पसरलेला तो पहिला विषाणू मानला जातो. १९८७ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत त्यावरील उपाय निघू लागले. त्या उपायांची रीत अगदी कसोटीची होती. पकडलेल्या विषाणूच्या संकेतावलीतील एक वैशिष्ट्यपूर्ण तुकडा, म्हणजे त्याची जणू सही, नोंदवून ठेवावयाची आणि संगणकातील प्रत्येक फाईल त्या नोंदींशी ताडून पाहावयाची. माहीत असलेल्या रेघेशी नवी रेघ जुळवून पाहणे ते हेच. यातून एक गोष्ट ओघानेच येते. ज्याची नोंद नाही तो विषाणू या रीतीने ओळखू येत नाही. नोंदवही जितकी शिळी, तितका पहारा आंधळा.

या नोंदवहीत महाराष्ट्राचेही एक पान आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे आणि पुण्यात वाढलेले कैलाश काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि पुढे पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. संगणक आले तसे तेही दुरुस्तीला येऊ लागले, आणि त्यांतील कित्येकांचे दुखणे यंत्राचे नसून विषाणूचे असे. धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या विषाणूंवर उतारे लिहावयास सुरुवात केली आणि त्यातून क्विक हील ही प्रणाली उभी राहिली. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने नोंदविलेल्या कंपनीने २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात आले. विद्येचा आरंभ येथे प्रयोगशाळेत झाला नाही, तो दुरुस्तीच्या टेबलावर झाला. ज्या भागात रोग पसरतो तेथील वैद्याला तो आधी कळतो, हा तिचा लाभ होता. परंतु आपल्या गावची म्हणून एखादी वस्तू निवडणे आणि परीक्षेत उतरली म्हणून निवडणे, यांतील भेद सराफ्यात सांगावा लागत नाही.

फ्लॉपीच्या काळात विषाणूला एका शहरातून दुसऱ्या शहरी जाण्यास आठवडे लागत. इंटरनेट आले आणि ते अंतर तासांवर आले. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आणि मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या मिषाने आलेला आयलव्हयू, हे दोन्ही ई-मेलमधून पसरले. त्यांनी दार फोडले नाही. ओळखीच्या माणसाचे नाव पुढे करून त्यांनी घरच्या माणसाकडूनच दार उघडून घेतले.

या युक्तीची जबलपूरला जुनी ओळख आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनचे कार्यालय १८३० नंतरच्या दशकात याच शहरात होते. त्याने माफीच्या साक्षीदारांकडून ठगांच्या रीती, टोळ्या आणि रामसी ही त्यांची गुप्त बोली टिपून घेतली व १८३६ मध्ये त्या बोलीवर ग्रंथ छापला. त्याच्या वर्णनातील अतिशयोक्तीवर आधुनिक इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत. तथापि त्या साऱ्या वृत्तान्तात वारंवार येणारी गोष्ट ही, की ठग सोबती म्हणून वाटसरूंत मिसळे आणि विश्वास बसल्यावरच घात करी. नुसते रूप पाहून असा सोबती ओळखता येत नाही. त्याची वागणूक पाहावी लागते. मुलामा दिलेला दागिना कसोटीवर खऱ्यासारखीच रेघ उमटवितो, तो कापल्यावाचून आतले हीण दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून नव्या प्रणाली सहीबरोबर वर्तनही तपासतात. एखादी फाईल अकस्मात शेकडो दस्तऐवज कुलूपबंद करू लागली, तर तिचे नाव नोंदीत नसतानाही तिला रोखावयाचे, अशी ही दुसरी कसोटी आहे.

तरीही पहारेकऱ्यावर सगळा भार टाकणे किती घातक आहे, ते २०१७ ने दाखविले. विंडोजमधील एक गंभीर उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने त्याच उणिवेतून सुमारे १५० देशांतील दोन लाखांवर संगणक गाठले. मधले आठ आठवडे ज्यांनी दुरुस्ती करून घेतली ते पुष्कळसे वाचले. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अधिकृत अपडेटमधून तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. खंडणी भरूनही फाईली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. ज्यांच्यापाशी वेगळ्या जागी ठेवलेली प्रत होती, त्यांनाच आपली माहिती परत उभी करता आली.

पहारेकऱ्याची स्वतःची पारख हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा धडा होय. अँटिव्हायरसला संगणकातील प्रत्येक खोलीची किल्ली द्यावी लागते. अवास्ट ही फुकट मिळणारी प्रणाली कोट्यवधी लोक वापरीत. ते कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. ती उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास लावले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन सरकारने कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या प्रणालींच्या विक्रीवर बंदी घातली. रशियन सरकार त्या कंपनीवर दबाव आणू शकेल, ही त्यामागची भीती होती. कंपनीने आरोप नाकारले. १९ जुलै २०२४ रोजी मोठ्या संस्थांना सुरक्षा पुरविणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यांपैकी एकाही प्रसंगात विषाणू नव्हता. प्रश्न रक्षकाच्या हेतूचा, निष्ठेचा किंवा हलगर्जीपणाचा होता.

तेव्हा सामान्य माणसाने निवड कशी करावी? पहिले पाऊल खरेदीचे नाहीच. विंडोजमध्ये स्वतःची विषाणुरोधक प्रणाली २०१२ पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, अंगभूत आहे. यंत्राला नियमित दुरुस्त्या मिळत असतील, तर घरगुती वापरासाठी ती पुष्कळांना पुरते. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्याचे यंत्र तेथेच थांबले आहे, त्याने नव्या पहारेकऱ्याआधी घराच्या भिंतीचा विचार करावा.

विकतची प्रणाली घ्यावयाची झाल्यास विक्रेत्याच्या शब्दाऐवजी त्रयस्थांचा निकाल पाहावा. जर्मनीतील माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अशा परीक्षा सातत्याने घेऊन निकाल खुले ठेवतात. सोन्याच्या हॉलमार्कला जे स्थान, तेच थोड्याफार फरकाने या निकालांना. त्यांत केवळ किती विषाणू पकडले एवढेच पाहू नये. निर्दोष फाईलीवर किती वेळा खोटा आळ आला आणि यंत्र किती मंदावले, तेही पाहावे. जुन्या, थोड्या स्मृतीच्या लॅपटॉपवर जड पहारेकरी बसविला, तर मालकाचेच काम अडते. एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस अखंड पहाऱ्यावर ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाची किंमत आधी विचारावी. माहिती कोणाला दिली जाते, ते अटींत वाचावे. यंत्रात विषाणू आहे असे ओरडून सांगणारी आणि दूरध्वनी करावयास लावणारी पाटी पडद्यावर अचानक आली, तर ती रक्षकाच्या वेषातील चोराची समजावी. लागण झाल्याची शंकाच असेल, तर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राने सफाईची मोफत साधने उपलब्ध केली आहेत.

एवढे करूनही एक काम कोणत्याही प्रणालीवर सोपविता येत नाही. जे गमावून चालणार नाही, त्याची प्रत वेगळ्या तबकडीवर घेऊन ती यंत्रापासून सोडवून ठेवणे, हे मालकाचे काम आहे. विषाणूचा हात जोडलेल्या तबकडीपर्यंत पोहोचतो. कपाटात ठेवलेल्या तबकडीपर्यंत तो पोहोचत नाही.

सराफ्यातील पेढ्या रात्री बंद होतात, तेव्हा रस्त्यावर पहारेकरी असतो, म्हणून कोणी दागिने फळीवर मांडून घरी जात नाही. माल तिजोरीत जातो, कुलूप ओढून पाहिले जाते आणि किल्ली मालकाच्या कनवटीला लागते. पहारेकरी नेमतानाही त्याची चौकशी झालेली असते. पेढीवरचा तो लॅपटॉप मिटताना एवढीच जुनी रीत पाळली, तर नव्या विद्येत निराळे शिकावयाचे फारसे उरत नाही.